नाकेदाराची बदली

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. आमच्या घरी ते फार कडक होतं. बाबा शाळामास्तर. विहारात वंदना घ्यायचे आणि घरी आमची उलटतपासणी. गूळ कोणी खाल्ला, हा प्रश्न आमच्याकडे कधी दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. अशा घरातली मी पोरगी, आणि आयुष्यभर जी नोकरी केली तिच्यात सकाळी आठ वाजल्यापासून खोटं बोलावं लागे. तेही म्हाताऱ्या माणसांशी, त्यांच्या तोंडावर, हसून.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा निघाला होता. आरमोरीहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या राइस मिलच्या जागेत वृद्धाश्रम निघाला आणि मी तिथे मदतनीस म्हणून लागले. शिक्षण सहा महिन्यांचं. ताप मोजता येई, मलमपट्टी येई, बाकी सगळा आत्मविश्वास. पांढरी साडी नेसायची म्हणून सगळे मला सिस्टरबाई म्हणू लागले आणि मीही कोणाची चूक दुरुस्त केली नाही. चौथ्या शीलाला पहिला तडा तिथेच गेला म्हणायचा.

आश्रमात वीसेक माणसं. त्यातली सात-आठ विसरभोळी. आज त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, त्यावर व्याख्यानं होतात. तेव्हा 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की निदान झालं. शुक्रवारी डॉक्टर यायचे, डोळ्यात बॅटरी मारायचे आणि 'वयोमान' म्हणून चहा प्यायचे. हा आजार कसा असतो ते मला कोणी शिकवलं नाही, म्हाताऱ्यांनीच शिकवलं. धानाच्या पुंजण्यातल्या, म्हणजे रचलेल्या गंजीतल्या, वरच्या पेंढ्या आधी जातात आणि तळाच्या शेवटपर्यंत राहतात, तसंच ते. सकाळी काय खाल्लं ते गेलेलं असतं, नातवाचं नाव गेलेलं असतं, पण लहानपणी कोणाच्या वाडीतल्या बोरी झोडपल्या ते झाडासकट शिल्लक असतं.

सीताबाई म्हणून एक होत्या. जेवण झालं की हात धुऊन दारात बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तीन दिवसापासून उपाशी आहो बाप्पा." लोक आमच्याकडे असं बघायचे की बस्स. मी वाद घालून थकले. मग स्वयंपाकीण पंचफुलाबाईने तोड काढली. सीताबाईंचं ताट धुवायचंच नाही, समोर ठेवायचं. सीताबाई ताटाकडे बघायच्या. "हे कोण जेवलं?" तुम्हीच. "काय होतं?" वांग्याची भाजी. "मंग बरी झाली असन," असं म्हणून समाधानाने ढेकर द्यायच्या.

एक गुरुजी होते, ते रोज हजेरी घ्यायचे. डॉक्टर एकदा उशिरा आले तर गुरुजींनी त्यांना दाराबाहेर उभं केलं. डॉक्टर गुमान उभे राहिले. ते गुरुजींच्याच शाळेत शिकलेले होते.

पण सगळ्यांत जास्त मला ज्यांनी शिकवलं ते दसरूभाऊ नाकेदार.

दसरूभाऊंनी तीस वर्षं वन खात्यात काढली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जंगलातून येणाऱ्या रस्त्यावर बांबू आडवा टाकलेला असतो, तो नाका. लाकूड, बांबू, काही घेऊन निघालेल्याने तिथे थांबायचं, सरकारी पास दाखवायचा, लाकडावरचा हातोड्याचा ठसा दाखवायचा, मग बांबू वर जातो. घरच्या चुलीपुरती वाळक्या काड्यांची डोक्यावरची मोळी मात्र बिनापास जाते. हे सगळं पाहणारा माणूस तो नाकेदार.

आश्रमात आल्याच्या तिसऱ्या दिवशी दसरूभाऊंनी कुंपणाचा एक बांबू उपसला, फाटकात आडवा टाकला आणि स्टूल घेऊन बसले. गळ्यात शिट्टी. दूधवाल्याला थांबवलं. डॉक्टरांची बॅग उघडायला लावली. व्यवस्थापक बाबूजी सायकलवरून आले तर कॅरियरवरच्या लाकडी पेटीचा पास मागितला. बाबूजी म्हणाले, "मी इथला व्यवस्थापक आहे." दसरूभाऊ म्हणाले, "सगळे असंच म्हणतेत." एके दिवशी तर त्यांनी पंचफुलाबाईचं लाटणं धरलं. "सागाचं दिसते. ठसा कुठी?" लाटणं जप्त झालं, त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत. आमच्या झाडीपट्टीत, या भात खाणाऱ्या मुलखात, पोळीवाचून कोणाचं अडत नाही, पण पंचफुलाबाई चार दिवस फुगून होती.

मी मग भिंतीवरच्या कॅलेंडरची रोजची पानं साठवली आणि येणाऱ्याला एक-एक पान द्यायला लागले. दसरूभाऊंना वाचता येईनासं झालं होतं, पण ते पान उन्हात धरायचे, उलटं करून बघायचे आणि मान डोलावून बांबू वर करायचे. जिल्हा परिषदेचा एक साहेब आला होता, त्यानेही मुकाट्याने सोळा तारखेचं पान दाखवलं आणि आत आला.

हे शहाणपण मला उशिरा आलं. त्याआधीच्या तीन महिन्यांचं सांगायला लाज वाटते, पण सांगते.

दसरूभाऊ रोज दुपारून विचारायचे, "माय कुठी आहे माही?" आणि मी, बाबांची लेक, खरं सांगायचे. "भाऊ, तुमची आई वारली. वीस वर्षं झाली." तो धिप्पाड माणूस स्टुलावर बसल्याबसल्या रडायचा. त्याच्यासाठी ती बातमी ताजी असायची. मी पाठीवरून हात फिरवायचे, पाणी द्यायचे आणि मनात म्हणायचे, दुःख झालं तरी खरं ते खरं. दुसऱ्या दिवशी तो परत विचारायचा. मी परत सांगायचे.

त्यांची बायको तानाबाई दर मंगळवारी सावलीहून एसटीने यायच्या. त्यांनी एकदा हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "सिस्टरबाई, माह्या सासूले तुमी कितींदा मारता वो? जिती होती तवा मले बी इतकं जमलं नाई."

"मग काय सांगू?"

"सांगा, वावरात गेली. येईन."

दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून मी सांगितलं, आई वावरात गेली. दसरूभाऊ म्हणाले, "असं. ऊन लय आहे आज." आणि दूधवाल्याच्या किटल्या तपासायला उठले. संपलं.

संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांपुढे कबुली दिली. बाबांनी अडकित्त्यात सुपारी धरली. मग म्हणाले, "पहिलं शील कोणतं?"

"जीवहिंसा न करण्याचं."

"मग नंबर पाहून घे. आधी एक, मग चार."

त्या माणसाला मी निदान पन्नास वेळा पोरकं केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तानाबाईंची स्वतःची पंचाईत वेगळीच होती. नवरा त्यांना ओळखत नव्हता. 'माही बायको तरणी आहे, घरी आहे' असं त्यांनाच सांगायचा आणि पास नाही म्हणून फाटकात अडवायचा. पण तानाबाई तीस वर्षं नाक्यावरच्या सरकारी खोलीत राहिलेल्या. त्यांना कॅलेंडरच्या पानाची गरज नव्हती. एसटीतून उतरल्या की रस्त्याच्या कडेच्या चार काड्या गोळा करायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि ऐटीत यायच्या. मोळी बिनापास! दसरूभाऊ काड्या चाचपायचे. "वाळकं आहे न? ओलं तोडाचं नाई, समजलं? जा तुमी." तानाबाई आत येऊन पदर तोंडाला लावून हसायच्या. "लगन झालं तवापासून पहिल्यांदा 'तुमी' म्हणून राह्यला वो. वेडा झाला ते बरंच झालं."

पण त्यांना नवरा घरी न्यायचा होता, हे त्या एकदाही विसरल्या नाहीत. धानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून त्यांचा पाय मोडला, घरात दुसरं कोणी नाही, लेक दिली दूर सिरोंच्याला, म्हणून दसरूभाऊंना इथे आणून ठेवावं लागलं होतं. प्लास्टर निघाल्यावर त्या मंगळवारी येऊ लागल्या होत्या, आता पायात जोरही आला होता. दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि तानाबाईंनी सांगितलं, "माह्या माणसाले घरी द्या आता. घर खाऊन राह्यलं मले." डॉक्टरांनी होकार दिला. बाबूजींनी तर टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या.

अडलं दसरूभाऊंपाशी. "बदली आल्याबिगर नाका सोडता येत नाई," ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी तो सोडला नव्हता, आता का सोडतील?

पहिल्यांदा बाबूजींनी सोपा उपाय केला. जीप मागवली, दोन गड्यांनी दसरूभाऊंना उचललं आणि आत बसवलं. दसरूभाऊंनी हातातला बांबू सोडला नाही, म्हणून बांबूही जीपमध्ये बसला, अर्धा बाहेर. "नाका उघडा पडला! चोर चालले!" असं ते आरमोरीच्या बसस्टँडपर्यंत ओरडत गेले. तिथे एवढी गर्दी जमली की लोकांनी बाबूजींनाच चोर समजून धरलं. जीप परत आली. दसरूभाऊंच्या हाताला सालपटं निघाली होती. तानाबाईंनी त्यावर हळद लावली आणि बाबूजींना म्हणाल्या, "असा नाई न्याचा माह्या माणसाले. चोरीच्या मालावानी." त्यानंतर जीपचं नाव कोणी काढलं नाही.

मग माझ्या डोक्यात कल्पना आली. बदली पाहिजे ना? करू बदली. एक साहेब आणू, तो हुकूम देईल, दसरूभाऊ घरी जातील. आता असा साहेब कुठे मिळतो? दुसऱ्या मुलखातल्या माणसाने खात्यातला एखादा ओळखीचा शिपाई गाठला असता. आम्ही झाडीतली माणसं, नाटकवेडी. आम्हाला साहेब म्हटलं की नट आठवतो. मी वडशाला गेले आणि मनोहर मास्तरांना गाठलं. दिवसा सायकल दुरुस्तीचं दुकान, थंडीत गावोगावच्या नाटकांत खलनायक. मी त्यांना एका ओळीचं काम दिलं: 'दसरूभाऊ, तुमची बदली झाली, चार्ज द्या आणि घरी जा.' मास्तर म्हणाले, "एवढंच?" मला तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

मंगळवारी मास्तर सायकलवर ट्रंक बांधून आले. वन खात्याच्या साहेबाचे कपडे काही त्यांच्या ट्रंकेत नव्हते. कोट इन्स्पेक्टरचा, बूट सेनापतीचे, मिशी कोणाची ते मास्तरांनाही आठवत नव्हतं. ते फाटकापाशी उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि वैनगंगेपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाकेदार! तुझ्या निष्ठेवर आम्ही प्रसन्न झालो आहोत!"

झालं. मिशीवाला माणूस मोठ्याने बोलायला लागला की आमच्याकडे लोक उभे राहत नाहीत, बसतात. म्हाताऱ्यांनी चटया आणल्या. सीताबाई सगळ्यांत पुढे. गुरुजींनी प्रेक्षकांची हजेरी घेतली. दसरूभाऊ आधी ताठ उभे राहिले, सलाम ठोकला. मग मास्तरांकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"अरे! हा तं मनोहर मास्तर! मागच्या साली वडशाले राक्षस झालता न गा तू? काय मेलता बाप्पा! वन्स मोर!"

वन्स मोर ऐकून थांबला तो झाडीचा नट नव्हे. मास्तर परत मेले. मग एक पद म्हटलं. मग आणखी दोन. बदलीची ओळ राहून गेली. पंचफुलाबाईने सगळ्यांना चहा दिला, आणि निघताना दसरूभाऊंनी मास्तरांच्या ट्रंकेचा पास मागितला.

मी हसून लोटपोट झाले होते. वळून पाहते तर तानाबाई भिंतीला टेकून पदराने डोळे पुसत होत्या. "मास्तरले ओळखते तो," त्या म्हणाल्या. "मले नाई."

अशा वेळी काय बोलायचं ते माझ्या सहा महिन्यांत शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "मास्तरांना मिशी आहे ना, म्हणून." तोंडातून निघालं आणि जीभ चावावीशी वाटली.

तानाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एकदम फुटल्यासारख्या हसल्या. "मंग मी बी लावीन मिशी," म्हणाल्या. आणि जाता जाता त्यांनी मला विचारलं, "नाकेदाराचा खाकी कोट घरी पेटीत आहे. कसर लागली असन का वो?"

पुढच्या मंगळवारी त्या मोळी न घेता आल्या. लुगड्यावर खाकी कोट, बाह्या चार बोटं लांब. बांबूपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी नवी नाकेदार. चार्ज घ्याले आली."

दसरूभाऊंनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बायामाणूस?"

"जिल्हा नवा झाला न. माणसं कमी पडले."

हे कारण त्यांना पटलं. सरकारचं काहीही पटतं. पण चार्ज असा थोडाच देतात! त्यांनी परीक्षा घेतली. "साग कसा ओळखाचा?"

"कवळं पान चुरडलं का हात लाल होते."

"ऐन?"

"साल मगरीच्या पाठीवानी."

"बैलबंडी आली, पास नाई. म्हणते, मोठ्या साहेबाच्या घरचा माल आहे. मंग?"

"मंग त्याले बाकीच्याहून जास्त वेळ थांबवाचं."

दसरूभाऊ मांडीवर थाप मारून हसले. तीस वर्षं संध्याकाळच्या चहाबरोबर जे तानाबाईंना ऐकवलं होतं तेच ते परत ऐकत होते, आणि त्यांना ते फार हुशारीचं वाटत होतं. त्यांनी सामान मोजून दिलं. बांबू एक, स्टूल एक, शिट्टी एक. माझ्या वहीवर सही म्हणून लांबलचक रेघ ओढली. मी बाबूजींकडे पाहिलं, बाबूजींनी डोळे मिटले. काम झालं होतं.

दसरूभाऊंनी पिशवी उचलली आणि निघाले. तानाबाई त्यांच्याबरोबर निघाल्या.

दसरूभाऊ थांबले. "तू कुठी चालली?"

"घरी."

"चार्ज घेतला न आताच? नाका सोडून चालली? लाज नाई वाटत?"

सगळ्यांची तोंडं उतरली. नाक्यावरच्या कायद्याची एवढी माहिती असलेल्या बाईने पहिलाच कायदा मोडला होता, आणि आम्ही एवढे शहाणे, आमच्यापैकी एकालाही ते आधी सुचलं नव्हतं. दसरूभाऊ स्टुलाकडे परत फिरले. तानाबाई तिथेच बांबूला धरून उभ्या राहिल्या. आता जर ते स्टुलावर बसले असते तर परत कधी उठले नसते.

मी पुढे झाले. "भाऊ, या नाकेदारीणबाईंची पण बदली झाली. सावलीला. चार्ज मी घेते."

"आत्ताच तं आली!"

"जिल्हा नवा आहे. ऑर्डरी रोज बदलतात."

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळले. मला साग, ऐन पाठ झालं होतं, मी तयारीत होते. पण दसरूभाऊंनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "नाक्यावर एखादा माणूस रडत आला. पास नाई त्याच्यापाशी. मंग?"

हे तानाबाईंकडून ऐकलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आधी बसवायचं. पाणी द्यायचं. पासाचं मग पाहू."

 दसरूभाऊंनी तानाबाईंच्या हातातली शिट्टी घेतली आणि माझ्या गळ्यात घातली.

त्या नोकरीत पुढे मला एक शाल मिळाली, एक नारळ मिळाला, एक प्रमाणपत्रही मिळालं, त्यावर माझं नाव चुकीचं होतं. पण नेमणूक म्हणाल तर माझी खरी नेमणूक त्या दुपारची.

मी बांबू वर केला. दोघं बाहेर पडली. त्या पुढे, खाकी कोटात, पाय अजून थोडा ओढत. ते मागे, पिशवी घेऊन. रस्त्यावर पोचल्यावर दसरूभाऊ थबकले.

"बाई, तुमी सावलीले जाता न? घरी कोण आहे?"

"माणूस आहे माहा."

"मंग बिगीबिगी चाला. वाट पाहून राह्यला असन बिचारा."

तानाबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला.

"तो कायले वाट पाहन? वाट मीच पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "आला तो."